सरवा कोणाचा?

गेल्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला होता, म्हणून शब्बाथ शाळेत आम्ही रूथचा धडा घेतला. मवाब देशातून आलेली विधवा सून, तिची सासू नामी, बेथलेहेमातील जवाची कापणी, कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचीत जाणारी रूथ आणि शेताचा धनी बवाज, असे सारे सांगून झाले. मुलांना गोष्ट आवडली. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, बवाजाने मशीन लावलं असतं तर रूथने काय वेचलं असतं?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण उत्तर काही देता आले नाही. वेळ झाली होती, प्रार्थना केली, मुले घरी गेली. प्रश्न मात्र मनातून जाईना. तो आम्हांस विशेष लागण्याचे कारण असे की, ते मशीन आम्ही स्वतः चालविले आहे.

आमचे गाव कडोली. बेळगावपासून दहा-बारा किलोमीटरांवर, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात भात, बटाटा, रताळी. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६५-७० च्या सुमारास, सुगी म्हटली की सारे गाव शेतात असे. कापणी विळ्याने. पैऱ्याने एकमेकांच्या शेतात माणसे जात. कापलेले भात दोन-तीन दिवस वाळले की पेंढ्या बांधून खळ्यावर आणीत. खळे शेणाने सारवलेले, मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात जुंपलेली. रात्री कंदिलाच्या उजेडात मळणी चाले आणि आम्ही मुले पिंजरात लोळत असू. मग वाऱ्यावर उफणणी, मग रास.

रास उभी राहिली की माणसे येत. लोहार येई, सुतार येई, परीट, न्हावी, कुंभार येत. वर्षभर त्यांनी फाळ शेवटून दिलेला असे, औत दुरुस्त केलेले असे, कपडे धुतलेले असत. त्याचे माप त्यांना राशीतून मिळे. तेही मागत नसत, आम्हीही दिले असे म्हणत नसू. ते त्यांचे होते.

याशिवाय आणखी काही माणसे येत, ती मात्र खळ्यावर नव्हे, शेतात. कापणी पुढे सरकली की मागून चार-सहा बाया वाकून लोंब्या वेचीत येत. त्यांची आमच्याकडे काही सेवा नव्हती, मजुरी नव्हती. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी परमुलखातून पोटासाठी आलेली. त्यांना कोणी बोलावीत नसे आणि कोणी हाकलीतही नसे. संध्याकाळी ओच्यात चार-पाच शेर भात घेऊन त्या घरी जात. हाच सरवा. पवित्र शास्त्रात हा शब्द वाचला तेव्हा आम्हांस त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

पुढे आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत फिटरचे काम शिकलो. काही वर्षे नोकरी केली, ती सुटली. तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी पंजाबातून एक जुने कंबाईन मशीन विकत आणले होते, आणि तुंगभद्रेच्या कालव्याखाली गंगावती-सिंधनूरच्या बाजूस ते भाड्याने फिरवीत होते. १९९८ व १९९९ असे दोन हंगाम आम्ही त्या मशीनवर काढले. पहिल्या हंगामात हाताखाली, दुसऱ्या हंगामात चालक म्हणून.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुढच्या बाजूस सुमारे चौदा फूट रुंदीची कापणीची पट्टी असते. तिच्यावर फिरकी फिरते आणि उभे पीक पट्टीवर लोटते. कापलेले पीक मध्यभागी ओढले जाऊन वर ड्रममध्ये जाते. ड्रम आणि त्याच्या खालची जाळी यांच्या फटीत मळणी होते. पेंढा हलत्या पायऱ्यांवरून मागे फेकला जातो. दाणा आणि भूस चाळणीवर पडतात. खालून पंख्याचा वारा भूस उडवून लावतो आणि स्वच्छ दाणा टाकीत चढतो. विळा, बैलांची पात, सूप आणि वारा हे सारे एकाच पोटात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हायरम मूर नावाच्या माणसाने १८३६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा ते ओढावयास घोड्यांचा तांडा लागे. आपल्या देशात पंजाबातील स्वराज कंपनीने १९८० साली देशी बनावटीचे कंबाईन बाजारात आणले. त्यानंतर पंजाबातील चालक आणि मिस्त्री आपली यंत्रे घेऊन पिकांमागून प्रांतोप्रांती जाऊ लागले.

आमच्या त्या जुन्या यंत्राला चालकाची खोली नव्हती. वर ऊन, खाली इंजिनाची धग आणि भोवती भाताची कूस उडालेली. ती कूस मानेत, डोळ्यांत, फुप्फुसांत जाई. सकाळी दव असता यंत्र घातले तर ओला पेंढा ड्रमभोवती गुंडाळला जाई. मग यंत्र बंद करून, झाकण उघडून, तो हातांनी ओढून काढावा लागे. कानांनी यंत्र चालवावे लागे. पट्टा सैल झाला, चाळणी भरली, ड्रमवर भार आला, प्रत्येकाचा आवाज निराळा. पोरवयात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाच्या घुंगरावरून तो थांबला की चालतो आहे हे झोपेतही आम्हांस कळे, तसेच काहीसे हे होते.

आम्हांस हे काम ज्यांनी शिकविले ते पतियाळ्याकडील एक वयस्क सरदारजी होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. त्यांचा एक नियम होता. कोणत्याही शेतात पहिली फेरी झाली की चालकाने खाली उतरावे आणि यंत्राच्या मागे पायी चालावे. मूठभर पेंढा उचलावा, झटकावा, तळहातावर पहावे. जमीन पहावी. ड्रमची फट जास्त असेल तर लोंबीत दाणा राहतो; कमी असेल तर दाणा फुटून कणी होते. वारा जोराचा असेल तर भुसाबरोबर दाणाही उडून जातो. मंद असेल तर टाकीत कचरा येतो. आणि यंत्र घाईने पळविले की पेंढ्याबरोबर धान्य मागून जमिनीवर पडत जाते, पुढे बसलेल्याला ते दिसतही नाही. भाडे एकरावर ठरलेले असले की चालकाला घाई असते. म्हणून उस्ताद म्हणत की, पुढे पाहणारा चालक अर्धा चालक, मागे जाऊन पाहतो तो पुरा.

आम्ही ते मनापासून शिकलो. आमच्या यंत्राच्या मागे दाणा पडत नाही अशी त्या भागात ख्याती झाली, आणि खोटे कशाला सांगावे, त्याचा आम्हांस गर्व वाटे.

२००८ साली असेच एक जुने यंत्र आमच्या ओळखीने कडोलीस आले. आमच्या गावी शेते लहान, बांध फार, कोठे कोठे चिखल. यंत्र आत न्यावयाचे म्हणजे कसरतच. पण मजूर मिळेनासे झाले होते. तरुण मुले बेळगावला कारखान्यांत जाऊ लागली होती. त्या वर्षी कापणीच्या तोंडावर ढग भरून आले होते. पिकलेले भात आडवे होऊन पाण्यात पडले तर वर्षाची मेहनत कुजून जाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आमचे दोन एकर भात दुपारपर्यंत कापून, मळून, टाकीत पडले. यंत्र आम्ही स्वतः चालविले. उतरून मागे गेलो, पेंढा झटकून पाहिला. वारा थोडा कमी केला, फट थोडी घटवली. पुन्हा पाहिले. मागे काही म्हणता काही पडत नव्हते.

बांधावर एक म्हातारी बसली होती. आमच्या लहानपणापासून ती आमच्या शेतात सरव्याला येई. आम्ही तिला मावशी म्हणत असू. शेजारी सूप आणि केरसुणी ठेवलेली. यंत्र थांबल्यावर ती शेतात उतरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून पेंढा उलथा-पालथा करीत गेली. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा सुपात मूठभर पळींज होते. तिने यंत्राच्या तापलेल्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ब्येस हाय की रं बाळ मशीन. एक दाणा सांडंना."

ती कुचकेपणाने बोलली नाही. तिने आमचे खरोखर कौतुक केले. तीस-चाळीस वर्षे जी भाताच्या शेतात वावरली होती, तिला चांगले काम कळत होते. पण ते शब्द ऐकून आम्हांस मान वर करवेना.

संध्याकाळी आम्ही दोन पायल्या भात तिच्या घरी पोहोचते केले. तिने घेतले, बसावयास सांगितले, चहा केला. पुढच्या सुगीला मात्र ती आली नाही. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा म्हणाली, "वेचून न्हेलं ते माझं हुतं रं. आता मागाय येऊ व्हय?" चार वर्षांनी ती वारली. या गोष्टीचा निकाल आम्ही तिच्या हयातीत लावू शकलो नाही, आणि म्हणूनच हे लिहीत आहो.

त्या मुलीच्या प्रश्नाने हे सारे पुन्हा वर आले, तेव्हा आम्ही मोशेचे नियमशास्त्र उघडून बसलो. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात, मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये अशी आज्ञा आहे. हा नियम मुख्यतः मनुष्यांसाठी आहे असे सांगून प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की, जो काम करतो त्यास पिकात वाटा असावा. खळ्यावर येणाऱ्या लोहार-सुतारांचे माप याच जातीचे. त्यांनी राबून दिले, म्हणून त्यांना मिळाले. हा श्रमाचा हक्क.

पण याच्या लगेच आधी, चोविसाव्या अध्यायात, दुसरा नियम आहे, आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या व तेविसाव्या अध्यायांत तोच पुन्हा आहे. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत झाडून कापणी करू नये. पडलेला सरवा गोळा करू नये. शेतात विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नये. ते कोणासाठी? उपऱ्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी. या लोकांनी धन्याच्या शेतात काही काम केले होते काय? तसे तेथे म्हटलेले नाही. कारण दिले आहे ते निराळेच. तुम्ही मिसर देशात दास होता, हे आठवा. आणि मी परमेश्वर तुमचा देव आहे.

या दोन नियमांत आम्ही आजवर फरक केला नव्हता. बहुधा पुष्कळांनी केलेला नसेल. यंत्र आले तेव्हा पहिल्या नियमाचा प्रश्न आपोआप मिटला. बैल नाही, मग मुसके कोठले? कापणारे नाहीत, मग मजुरी कोणाची? यंत्राचा वाटा डिझेलच्या रूपाने आधीच त्याच्या पोटात जातो. आणि पहिला नियम संपला त्याबरोबर दुसराही संपला, असे आम्ही न बोलता धरून चाललो. ज्यांचे आपल्यावर काही ऋण नाही, त्यांना कशाला द्यावे? पण दुसरा नियम मुळी ऋणावर उभाच नव्हता. तो शेताच्या मालकीवर उभा होता. पीक सगळेच्या सगळे तुझे नाही, एवढेच तो सांगत होता. कापणी विळ्याने होवो की चौदा फुटी पट्टीने, त्यात काय फरक पडला?

हा वाद नवा नाही. १७८८ साली इंग्लंडात याच प्रश्नाचा खटला झाला. सफक परगण्यातील टिमवर्थ गावी मेरी हाउटन नावाच्या बाईने एका शेतात सरवा वेचला. शेताचे धनी स्टील यांनी दावा लावला. कॉमन प्लीज न्यायालयात चार न्यायाधीश होते. एकाने मोशेच्या नियमशास्त्राचा आधार घेऊन गरिबांच्या बाजूने मत दिले. तिघांनी उलट मत दिले. सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क देशाच्या कायद्यात नाही, असा निकाल झाला. तरीही पुढे कित्येक वर्षे इंग्लंडच्या खेड्यांतून बाया-मुले सरव्यास जात राहिली. कायद्याने नाही म्हटले तरी गावाने नाही म्हटले नव्हते. आमच्या कडोलीत याच्या उलट झाले. कोणत्याही न्यायालयाने काही म्हटले नाही, कोणी कोणास हाकलले नाही, कोणाच्या मनात वाईट नव्हते. एका दुपारी वारा थोडा कमी केला, फट थोडी घटवली, आणि एक जुना हक्क नाहीसा झाला.

वाचक म्हणतील, मग यंत्र वाईट काय? तसे आमचे म्हणणे नाही. विळ्याने कापणी करणाऱ्या बायांच्या कमरा आम्ही पाहिल्या आहेत. पेंढ्यांत साप निघून माणसे दगावलेली ऐकली आहेत. पावसाने सडलेल्या गंज्या पाहिल्या आहेत. जे कष्ट टळू शकतात ते दुसऱ्याने करावेत म्हणून हट्ट धरणे हा धर्म नव्हे.

मग यंत्र जरा ढिले लावावे काय, म्हणजे दाणा सांडेल आणि गरिबांना मिळेल? हाही विचार आमच्या मनात आला होता. पण तो खरा नाही. सांडलेल्यापैकी अर्धे चिखलात जाते, अर्धे पाखरे नेतात, आणि म्हातारीने चिखलातून एकेक दाणा टिपावा हे कोणते औदार्य? येथेच आम्हांस आपली खरी चूक दिसली. पूर्वी विळ्याने कापताना लोंब्या पडत त्या आमच्या हातून निसटत म्हणून. आम्ही त्या ठेवीत नव्हतो. आमच्या निष्काळजीपणाला आम्ही दानधर्म समजत होतो. यंत्राने निष्काळजीपणा संपविला, आणि दानधर्म म्हणून त्यामागे काहीच नव्हते हे उघडे पडले. यंत्राने आम्हांस कंजूष केले नाही. आम्ही होतो तसे आम्हांस दाखविले, एवढेच.

आणखी कोणी म्हणेल, आता सरकार धान्य देते. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्याच वर्षी आपल्या कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली. गरिबांना दरमहा तांदूळ मिळतो, कोणाच्या बांधावर बसावे लागत नाही. ही गोष्ट चांगली आहे. भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून ते धान्य मिळते, या दृष्टीने पाहिले तर ते मोशेच्या नियमाच्या अधिक जवळ आहे असेही आम्ही म्हणू. पण शासनाने आपले कर्तव्य केले म्हणून आमचे फिटले असे होत नाही. त्या आज्ञा राजाला उद्देशून नाहीत. ज्याच्या हातात विळा आहे त्याला त्या आहेत. आणि त्यांत उपरी हा शब्द आहे. गंगावतीकडे आम्ही स्वतः उपरी होतो. मोडकी-तोडकी कानडी बोलणारे, तेलाने माखलेले, कोणाचे कोण हे ठाऊक नसलेले. एका रात्री यंत्र शेतातच बिघडून पडले असता शेजारच्या घरातील मायेने विचारपूस न करता जोंधळ्याच्या भाकरी आणि भाजी आणून दिली. आमची कोणती सेवा तिच्यावर होती? तेव्हा आम्ही ते सहज घेतले. द्यावयाची वेळ आली तेव्हा मात्र हिशेब पाहू लागलो.

आता पुन्हा रूथच्या पुस्तकाकडे येऊ. आम्ही ती गोष्ट कितीदा तरी शिकविली, पण एक ओळ नीट वाचली नव्हती. दुसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात बवाज आपल्या गड्यांस सांगतो की, बांधलेल्या पेंढ्यांतूनही काही लोंब्या मुद्दाम काढून टाकीत जा आणि तिला वेचू द्या. तिला दटावू नका. बवाजाचे गडी काही अनाडी नव्हते. त्यांच्या हातून सांडत नव्हते, म्हणून तर त्याला मुद्दाम टाकावयास सांगावे लागले. आणि टाका म्हणाला, नेऊन द्या म्हणाला नाही. रूथला त्याने भिकारीण केले नाही. तिने दिवसभर वेचले, संध्याकाळी झोडपले, आणि एफाभर जव स्वतःच्या डोक्यावर घेऊन ती सासूकडे गेली. आमच्या मावशीने जे सांगितले तेच येथे आहे. दोन पायल्या भात घरपोच करताना आम्ही पोट पाहिले, पण तिचा हक्क आणि तिचे हात पाहिले नाहीत. ती धान्याला नाही म्हणाली नाही. मागणारी होण्याला नाही म्हणाली.

मग करावयाचे काय? येथे यंत्रानेच आम्हांस एक वाट दाखविली. कंबाईनला शेताचे कोपरे कापता येत नाहीत. चौकोनी शेतात ते वळते तेव्हा कोपरा सुटतो. म्हणून चालक आधीच सांगतो की, चारही कोपरे विळ्याने कापून ठेवा, म्हणजे यंत्राला मागेपुढे करावे लागणार नाही, वेळ वाचेल. आम्ही स्वतः शेकडो शेतकऱ्यांना हे सांगितले असेल. ज्या कोपऱ्याबद्दल मोशेने आज्ञा केली, नेमका तोच यंत्राला कापता येत नाही, आणि तो साफ करण्यासाठी आम्ही मुद्दाम माणसे लावतो!

यहूदी शास्त्र्यांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मिश्ना नावाच्या ग्रंथात या कोपऱ्याविषयी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. तेथे म्हटले आहे की, कोपरा किती ठेवावा याला मर्यादा नाही. तरी साठाव्या भागाहून कमी नसावा. आम्ही आपल्या शेताचा हिशेब केला. दोन एकरांचे ऐंशी गुंठे. त्याचा साठावा भाग सव्वा गुंठ्याहून थोडा अधिक. एखादे पोते भात. आमचे घर त्यावाचून उपाशी राहणार नाही.

गेली काही वर्षे आम्ही कोपरे कापून ठेवीत नाही. चालक कुरकुरतो, कारण त्याला वेळ जास्त लागतो. त्याच्या वेळेचे पैसे आम्ही देतो; तेही त्या कोपऱ्याचेच मोल आहे असे समजतो. कापणीच्या आदल्या दिवशी गल्लीत निरोप देतो की, कोपरे उभे आहेत, ज्याला पाहिजेत त्याने कापून न्यावेत. पहिल्या वर्षी कोणी आले नाही. पाखरांनी खाल्ले, आणि शेजाऱ्यांनी आमची थट्टा केली. दुसऱ्या वर्षी तीन बाया आल्या. त्यांतली एक विजापूरकडून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली होती. तिच्याजवळ विळाही नव्हता, तो आम्ही दिला. त्या कापीत असता आम्ही तेथे उभे राहिलो नाही. धनी उभा राहिला की वेचणारी पुन्हा मागणारी होते, हे आता थोडे कळू लागले आहे.

यात आम्ही मोठे काही केले असे नाही. ज्या घरी जावयाचे होते तेथे उशिराच पोहोचलो. शिवाय आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांना शेत नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. कोणी शिक्षक आहे, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार, कोणी कारखान्यात. पण कोपरा प्रत्येकाजवळ आहे. आपले वेतन, आपला वेळ, आपल्या घरातील एखादी खोली, आपले शिक्षण यांचे कोपरे. आजकाल ही सारी शेतेही आपण फार व्यवस्थित लावतो. पै न पै आणि मिनिट न मिनिट टाकीत पडावे, मागे काही सांडू नये, अशी योजना करतो. योजना करणे पाप नव्हे. सांडणे हेही पुण्य नव्हे. प्रश्न एवढाच की, यंत्र शेतात घालण्यापूर्वी कोपरा कोणासाठी म्हणून ठरविला आहे काय? जे आधी ठरविले नाही ते यंत्र ठेवीत नाही.

आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. रूथचा धडा घ्याल तेव्हा बवाजाला केवळ दयाळू म्हणून सोडून देऊ नका. त्याच्या शेतात कायदा पाळला जात होता, आणि कायद्याहून थोडे अधिकही केले जात होते, हे मुलांना सांगा. रूथ भीक मागत नव्हती, हे तर अवश्य सांगा. आपल्या वर्गात असे एखादे मूल असते की, ज्याच्या घरी दुसऱ्याने दिलेले येते. ते मूल हे वाक्य फार लक्ष देऊन ऐकते.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला तिचे उत्तर दिले. बवाजाने मशीन लावले असते, तर त्याला खाली उतरून मशीनच्या मागे चालावे लागले असते. मागे काही पडत नाही हे त्याने पाहिले असते आणि रूथही पाहिली असती. मग त्याने चालकाला सांगितले असते की, कोपरे राहू दे.

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण गुरुजी, तो खाली उतरलाच नसता तर?"

याचे उत्तर आम्ही तिला दिले नाही. ते वाचकांपाशी सोपवितो.